पाव काढला तरी आत बटाटाच

कॅलिफोर्नियातील ब्युएना पार्क येथे १९३४ साली कॉर्डेलिया नॉट यांनी आपल्या शेतावरच्या छोट्या उपाहारगृहात तळलेल्या कोंबडीचे जेवण विकायला सुरुवात केली. पहिल्या संध्याकाळी आठ ताटे गेली, आणि ती वाढली होती त्यांच्या लग्नातल्या भांड्यांत. पुढे तिथे जेवायला येणाऱ्यांची रांग इतकी लांबली की ताटकळणाऱ्यांचे मन रमावे म्हणून त्यांचे पती वॉल्टर यांनी १९४० मध्ये शेजारीच जुन्या धाटणीचे एक गाव उभारायला घेतले. आजचे ‘नॉट्स बेरी फार्म’ हे थीम पार्क त्या रांगेतून वाढले. लोक जेवायला येत होते, करमणूक त्यांच्यासाठी मागाहून आली.

आज रांग पाळण्यांसाठी असते आणि जेवण दोन रांगांच्या मधल्या वेळात उरकायचे असते. एरवी त्याचे कुणाला काही वाटत नाही. सुट्टीचा दिवस आहे, पोरे खूश आहेत, एक दिवस चालते. अडचण होते ती ज्याला पीठ, साखर आणि बटाटा मोजून खावा लागतो त्याची. तो काही उपाशी राहत नाही. तोही कॉम्बोचे कूपन घेतो आणि रात्री घरी येऊन बोटाला सुई टोचतो.

अशी माणसे थोडीथोडकी नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे सांगतात की देशात दहा कोटींवर मधुमेही आहेत आणि साडेतेरा कोटींच्या आसपास लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. याच पाहणीच्या २०२५ मधील विश्लेषणानुसार भारतीयांच्या आहारातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून, म्हणजे ज्यांना आपण सरसकट ‘कार्ब’ म्हणतो त्यांतून येते. दोन हजार कॅलरींच्या आहारात हे प्रमाण दिवसाला तीनशे ग्रॅमच्या पुढे जाते. लो-कार्ब आहार साधारणपणे १३० ग्रॅमच्या आत धरला जातो. केटो पाळणारे तर पन्नासच्याही खाली राहतात. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या २०१९ च्या आहारविषयक अहवालात रक्तातली साखर सुधारण्यासाठी कर्बोदके कमी करण्याच्या बाजूने सर्वाधिक पुरावा असल्याचे नमूद आहे. म्हणजे हा सडपातळ होण्याच्या हौसेपुरता विषय उरलेला नाही. शेजारच्या काकांना डॉक्टरांनी सांगितलेले पथ्य तेच आहे.

आता थीम पार्कातला नेहमीचा कॉम्बो घ्या. कर्बोदके मोजली तर बर्गरचा पाव पंचवीस ते तीस ग्रॅम, फ्राइजचा मध्यम पुडा चाळीस-पंचेचाळीस, ३३० मिलिलिटर कोला पस्तीस. दुपारी एक वाजता, एका हातात मावणाऱ्या ट्रेमध्ये, शंभर ग्रॅम. १३० ग्रॅमच्या हिशेबाने चालणाऱ्याचा दिवस तिथेच संपला. संध्याकाळचा स्वीटकॉर्नचा कप आणि नातवाच्या हातचा आइस्क्रीमचा घास त्यात धरलेलाच नाही.

याला लोकांच्या जिभेचे चोचले म्हणून सोडून देता येत नाही. पार्कातले स्वयंपाकघर चालते कसे, ते पाहिले की सगळे उलगडते. हजारो माणसे साडेबारा ते अडीच या दोन तासांत एकदम भुकेजतात. पदार्थ चालता चालता, चमच्याशिवाय, एका हाताने खाता आला पाहिजे, कारण दुसऱ्या हातात मूल किंवा मोबाइल असतो. तो आधी करून ठेवता आला पाहिजे आणि उन्हात तासभर राहिला तरी बिघडता कामा नये. नव्याने कामावर आलेल्या पोरालाही तो दोन मिनिटांत देता आला पाहिजे. या सगळ्या अटींत मैदा, मका, बटाटा आणि साखर पास होतात. अंडी, मासे, पनीर, चिकन यांना शीतसाखळी लागते, ती महाग पडतात, आणि चुकली तर विषबाधेची बातमी होते. स्वयंपाकघराचा राजा म्हणजे तळणी. तिच्यात जे पडते ते बहुतेक पिठाचे किंवा पिठात बुडवलेले असते.

याच व्यवहाराचा एक किस्सा डिस्नेलँडचा आहे. १९५५ मध्ये हे पार्क सुरू झाले, त्याच वर्षी तिथे ‘कासा दे फ्रितोस’ नावाचे मेक्सिकन धाटणीचे उपाहारगृह निघाले. सांगतात ते असे की तिथे शिळ्या होऊन टाकून दिल्या जाणाऱ्या टॉर्टियांचे तुकडे करून, तळून, वर मसाला भुरभुरून ते ग्राहकांना देऊ लागले. ते इतके चालले की त्या उपाहारगृहामागच्या कंपनीच्या एका अधिकाऱ्याचे लक्ष गेले, आणि १९६६ मध्ये ‘डोरिटोस’ या नावाने ते अमेरिकाभर विकायला निघाले. किस्स्याला थोडे तिखट-मीठ लागले असेल, पण त्यातला हिशेब खरा आहे. शिळी पोळी तळून दुप्पट भावाने विकता येते. शिळ्या पनीरचे असे काही करता येत नाही.

तरीही अमेरिकेतल्या मोठ्या पार्कांत लो-कार्ब जेवण मिळतेच मिळत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. फ्लोरिडातील ऑर्लँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये काउंटरवर ‘बर्गर, पण पाव नको’ म्हटले तर कुणी भुवया उंचावत नाही. पाव वगळून, बऱ्याचदा लेट्यूसच्या पानात गुंडाळून देतात. टर्कीची भाजलेली भली थोरली तंगडी ही तर या पार्कांची ओळखच होऊन बसली आहे. तिच्यात कर्बोदके जवळजवळ शून्य; मीठ मात्र भरपूर, कारण ती हॅमसारखी खारवलेली असते, तेव्हा रक्तदाबवाल्यांनी जपून. तिथल्याच ॲनिमल किंगडम पार्कातल्या पँडोरा विभागात, २०१७ मध्ये उघडलेल्या सातुली कँटीनची रचना मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते. तिथे वाडगा आपण जुळवायचा. खाली भात किंवा नूडल्स हवे की हिरवी पाने, वर चिकन, बीफ की टोफू, हे गिऱ्हाईक सांगतो. ज्याला कार्ब नकोत त्याला वेगळी मेहेरबानी मागावी लागत नाही. तो दुसऱ्या पर्यायावर बोट ठेवतो, एवढेच.

शिवाय डिस्नेच्या अमेरिकेतल्या पार्कांत घरचे खाणे आत नेता येते. काचेची बाटली आणि सुटा बर्फ नको, शीतपेटी ठरलेल्या मापाहून मोठी नको, एवढ्याच मुख्य अटी. काउंटरवर मागितले तर थंड पाण्याचा पेला फुकट मिळतो. प्रथमोपचार केंद्रात इन्सुलिन थंड ठेवण्याची सोय असते. जुलैतल्या ऑर्लँडोत पारा तेहेतिसावर जातो आणि इन्सुलिनला तिशीपुढचा उकाडा सोसत नाही, हे ध्यानात घेतले की ही सोय केवढी मोलाची ते कळते.

पण हे सगळे वाचताना एक गोष्ट निसटते. लो-कार्बचा बहुतेक सल्ला मांसाहारी माणसाला धरून लिहिलेला असतो. न्यू जर्सीत किंवा टेक्सासात मुलाकडे सहा महिने राहायला गेलेले पुण्याचे आई-बाबा नाताळच्या सुट्टीत ऑर्लँडोला जातात. बाबांची साखर, आईचा शाकाहार. बर्गरचा पाव काढा, हे बाबांना लागू पडते. आईच्या व्हेज बर्गरचा पाव काढला तरी टिक्कीत बहुधा बीन्स, भात किंवा बटाटा असतोच. डिस्नेने २०१९ मध्ये पूर्णतः वनस्पतिजन्य पदार्थांसाठी मेनूवर पानाची खूण आणली, ही शाकाहाऱ्यांची मोठी सोय झाली. पण ती खूण पाहून घेतलेली वाटी हरभरे, भात आणि रताळ्याने भरलेली असू शकते. आणि भारतीय चवीच्या ओढीने कुणी तिथल्या ॲनिमल किंगडम लॉजमधील ‘सना’ या उपाहारगृहात गेले, तर त्याचा सर्वांत नावाजलेला पदार्थ निघतो नानच्या तऱ्हा आणि सोबत नऊ प्रकारच्या चटण्या! साता समुद्रापार जाऊनही मैदा पाठ सोडत नाही.

अशा आईंसाठी घरून नेलेली खाण्याची पिशवी हाच खरा आधार. त्यातही एक गफलत नेहमी होते. भाजलेले फुटाणे ‘प्रोटीनचे’ म्हणून बिनदिक्कत नेले जातात. त्यांत निम्म्याच्या आसपास कर्बोदके असतात. शेंगदाण्यांत ती शंभर ग्रॅमला सोळाच, आणि त्यांतलाही निम्मा वाटा चोथ्याचा, म्हणजे साखर न वाढवणारा. पनीरच्या शंभर ग्रॅममध्ये अठरा-वीस ग्रॅम प्रथिने आणि तीन-चार ग्रॅम कर्बोदके. बर्फाच्या जेल-पॅकसोबत नेलेले, मीठ-मिरी लावून परतलेले पनीर, मूठभर शेंगदाणे आणि काकडी यांनी दुपार निभते. ठेपले न्यावेत, पण ते पोळीच आहेत हे विसरू नये.

आपल्याकडे चित्र वेगळे आहे, आणि थोडे अवघड. मुंबई-पुण्याच्या परिसरात थीम पार्कची सवय लावली ती गोराईच्या एस्सेलवर्ल्डने, १९८९ पासून. ते २०२२ मध्ये बंद झाले. त्याआधीच, २०१३ मध्ये, खोपोलीजवळ इमॅजिका उभे राहिले होते. शाळांच्या सहली, सोसायट्यांच्या सहली, कंपन्यांचे कौटुंबिक दिवस असे सगळे अशा ठिकाणी लोटते. जेवणाच्या काउंटरवर जे बोलणे होते त्याचा नमुना कुठल्याही पार्कात ऐकू येईल:

“दादा, नुसता पनीर टिक्का मिळेल का? नान-राइस नको.”

“थाळीतच येतो काका. थाळीचंच कूपन घ्यावं लागेल.”

“मग नान काढून पनीर थोडं जास्त द्या.”

“तसं बिलिंग होत नाही.”

त्या मुलाचे काही चुकत नाही. यंत्रात पदार्थाची जी बटणे आहेत तीच त्याला दाबता येतात. काका थाळी घेतात, नान बाजूला ठेवतात, पनीरचे चार तुकडे खातात आणि उरलेल्या भुकेला भात घालतात. यावर एक साधा मार्ग चालतो. जेवणघरात ‘थाळी कोणती’ हे विचारण्याआधी ‘सुट्टे काय मिळते’ हे विचारावे. उकडलेली अंडी, ऑम्लेट, तंदुरी चिकन, टिक्का, साधे दही, ताक, कोशिंबीर यांपैकी दोन-तीन गोष्टी बहुतेक स्वयंपाकघरांत असतातच, फक्त फलकावर सुट्या लिहिलेल्या नसतात. आणि हे विचारायला साडेअकराला जावे. सव्वा वाजता रांगेत मागे चाळीस माणसे असताना कुठलाही आचारी वेगळे काही करून देणार नाही. साडेअकराला तो मोकळा असतो आणि दोन शब्द बोलतोही.

तंदूरमधले खरे लो-कार्ब, पण ‘स्टार्टर’ या शब्दाला भुलू नये. मंचुरियन, चिली पनीर, क्रिस्पी चिकन हे कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवून तळलेले आणि वर साखरेच्या सॉसमध्ये परतलेले असतात. हराभरा कबाबचा हिरवा रंग पालकाचा असला तरी अंग बटाट्याचे. रस्सा दाट दिसला तर तो कशाने दाट केला ते विचारायला लाजू नये. केचपच्या एका मोठ्या चमच्यात चार ग्रॅमच्या आसपास साखर असते, आणि फ्राइज टाळणारा माणूस टिक्क्यासोबत चार चमचे केचप सहज खातो. आपल्या शाकाहारी फलकाची खरी गोम अशी की त्यावरचा जो पदार्थ उचलावा त्यात एक तर बाहेरून पीठ असते, नाही तर आतून बटाटा; वडापावात दोन्ही.

आता फाटकाचा प्रश्न. आपल्या बहुतेक थीम पार्कांत बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत. पिशव्या उघडून पाहतात. सिनेमागृहांबाबत असाच वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. ३ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने सांगितले की सिनेमागृह ही खासगी मालमत्ता आहे आणि बाहेरचे खाणे आणू द्यायचे की नाही हे मालक ठरवू शकतो; मात्र पिण्याचे स्वच्छ पाणी मोफत द्यावे आणि तान्ह्या मुलांसाठी आणलेले खाणे अडवू नये. सुनावणीत जिलेबीचे उदाहरण निघाले होते. कुणी जिलेबी घेऊन आले आणि पाकाचे हात खुर्चीला पुसले तर काय करायचे, असा तो प्रश्न. प्रेक्षकाला आतले खाणे विकत घेण्याची सक्ती नाही, असाही मुद्दा होता. तीन तासांच्या सिनेमाला हे पटण्यासारखे आहे. तीन तास उपाशी राहून कुणाचे बिघडत नाही. थीम पार्कात माणूस सकाळी दहाला शिरतो, संध्याकाळी सातला निघतो, आणि मधे बाहेर जाऊन खाऊन यावे तर फाटकाबाहेर महामार्ग असतो. नऊ तासांसाठी डबा अडवणाऱ्याने त्या नऊ तासांत खाण्याजोगे काही ठेवण्याची जबाबदारीही आपल्याकडे घेतलेली असते. आमच्या मते या प्रश्नाचे मर्म इथे आहे. डबा अडवायचा आणि आत फक्त पीठ विकायचे, या दोन गोष्टी एकत्र चालू नयेत.

डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली तर काही ठिकाणी खाणे सोडतात. पण तो निर्णय फाटकावरच्या माणसाच्या मर्जीवर राहतो. नियम लिहिलेला असेल तर सुरक्षारक्षकालाही वाद घालावा लागणार नाही.

आत जे विकले जाते त्याबद्दल कायदा काय म्हणतो? अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या, तसेच केंद्रीय परवाना असलेल्या उपाहारगृहांनी मेनूवर प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी द्यायच्या आहेत. हा नियम २०२२ मध्ये लागू झाला. अमेरिकेत वीस किंवा अधिक शाखांच्या साखळ्यांसाठी असाच नियम मे २०१८ पासून आहे. तिथे कॅलरी फलकावर आणि कर्बोदके, साखर, चोथा वगैरे तपशील मागितल्यावर लेखी द्यावे लागतात. कॅलरीचा आकडा वजन घटवणाऱ्याच्या उपयोगी. मधुमेहीला त्यातून फारसे काही कळत नाही, कारण तीनशे कॅलरींचे पनीर आणि तीनशे कॅलरींचा वडापाव त्याच्या रक्तात सारखे वागत नाहीत. टाइप-१ मधुमेह असलेल्या मुलाचे तर सगळे गणितच कर्बोदकांच्या ग्रॅमवर चालते. त्यावरून इन्सुलिनचे युनिट ठरतात. ते मूल लो-कार्ब पाळत नसले, त्याला वाढदिवसाचा केकही खायचा असला, तरी आकडा त्याला हवाच. फलकावर कॅलरीच्या शेजारी आणखी एक आकडा छापायला शाई फारशी लागत नाही.

पथ्यासाठी स्वयंपाकघर बदलणे अव्यवहार्य आहे असे सांगणाऱ्यांना एकच उदाहरण पुरेल: जैन जेवण. कांदा, लसूण, बटाटा नाही म्हणजे मुंबईच्या खाद्यपदार्थांचा पायाच काढून घेण्यासारखे. तरीही गिऱ्हाइकाने मागितले आणि मागत राहिला, तेव्हा पावभाजीवाल्याने बटाट्याच्या जागी कच्चे केळे घातले, वेगळा तवा ठेवला, फलकावर ‘जैन’ लिहिले. त्यासाठी कुठला कायदा झाला नाही. उपवासाचेही तेच, चतुर्थीला साबुदाणा वडा न मिळणारे मोठे उपाहारगृह महाराष्ट्रात शोधावे लागेल. (साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, हा भाग वेगळा.) श्रद्धेसाठी स्वयंपाकघर बदलते, तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून का बदलू नये? फरक असा की जैन गिऱ्हाईक ठासून मागतो, आणि मधुमेही माणूस आपले दुखणे लपवत ‘नको, मला भूक नाही’ म्हणतो.

थोडे सावधगिरीचे. पार्कातला दिवस हा चालण्याचा दिवस असतो आणि जेवणानंतरच्या चालण्याने साखर उतरते. एरवी पाळतो तेवढे कडक पथ्य त्या दिवशी पाळायची गरज सगळ्यांना नसते. उलट जे इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेतात, त्यांनी गोळी घेऊन, जेवण निम्मे करून, उन्हात सहा तास चालणे धोक्याचे आहे; साखर झपाट्याने खाली येऊ शकते. हात थरथरले, घाम फुटला, डोके हलके झाले, मोजल्यावर आकडा ७० च्या खाली दिसला, तर पथ्य गुंडाळून ठेवावे, पंधरा ग्रॅम साखर म्हणजे तीन चमचे, किंवा ग्लुकोज लगेच घ्यावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली औषधे घेणाऱ्यांनी एकदम केटोवर जाऊ नये. रक्तातील आम्ले वाढण्याचा धोका असतो. सहलीच्या आधी डॉक्टरांना फोन करून गोळीचे काय करायचे ते विचारून घ्यावे. खिशात ग्लुकोजची पुडी हवीच, आणि ती पाण्याच्या खेळांच्या वेळी लॉकरमध्ये राहून जाता कामा नये.

पार्कचालकांकडून अपेक्षा फार मोठ्या नाहीत. एका काउंटरवर सुटी अंडी, पनीर, चिकन आणि दही, यंत्रात त्यांची बटणे, ताक बिनसाखरेचे, वैद्यकीय कारणाच्या डब्याला फाटकावर लेखी मुभा. यातले बरेचसे सामान त्यांच्या फ्रीजमध्ये आजही असते, फक्त ते नान-भातासोबत बांधून विकले जाते.

आणि सुरुवात करायची तर ती एकट्या गिऱ्हाइकाने काउंटरवर वाद घालून होणार नाही. आपल्याकडची थीम पार्के भरतात ती गटांच्या बुकिंगवर: शाळा, ज्येष्ठ नागरिक संघ, सोसायट्या, कारखाने. शंभर-दोनशे माणसांचे जेवण आधी ठरते, त्याची वाटाघाट होते, आणि तिथे पार्कचा विक्री अधिकारी ‘तसं बिलिंग होत नाही’ असे म्हणत नाही. त्या अर्जावर शाकाहारी, मांसाहारी आणि जैन असे तीन रकाने छापलेले असतात. ज्येष्ठ नागरिक संघाच्या चिटणिसांनी त्याखाली पेनाने चौथा काढावा, त्यात आकडा लिहावा आणि दर विचारावा.